घरसंसाराचा हिशेब : बँकेची पायरी चढण्याआधीचे एक वर्ष



आपल्या वस्त्यांमध्ये हल्ली कोणाच्याही घरी बसले की बोलणे प्लॉटवर आणि घरावर येते. खेड्यातून परभणीला कामानिमित्त आलेला, भाड्याच्या दोन खोल्यांत आठ-दहा वर्षे काढलेला माणूस म्हणतो, "एवढे भाडे भरण्यापेक्षा बँकेचा हप्ता भरू, घर तरी आपले होईल." विचार चांगला आहे आणि तो प्रत्येकाने करावा. पण भाडे आणि हप्ता यांत एक मोठा फरक आहे. भाडे थकले तर मालक चार शब्द बोलतो, फार तर खोली बदलावी लागते. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला तर बँक ते कर्ज थकीत खात्यांत टाकते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे साठ दिवसांची नोटीस निघते आणि दिवाणी दावा न लावताही बँकेला घराचा ताबा घेऊन लिलाव करता येतो. म्हणजे घर तर जातेच, शिवाय त्यात घातलेली आयुष्यभराची पुंजीही जाते.

म्हणून आजच्या लेखाचे सांगणे एवढेच की, घराच्या कर्जाचा अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष तयारी करा. परीक्षेला मूल बसवताना आपण वर्षभर अभ्यास घेतो. हे तर वीस वर्षांचे देणे आहे.

पगार चालू असताना बँकेने कर्ज नाकारले, असे सांगणारे बंधू वारंवार भेटतात. अर्ज नाकारला तर त्याचे कारण बँकेकडून लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेने ते लेखी कळवायचे असते. तोंडी "साहेब नाही म्हणाले" एवढ्यावर परत फिरू नका. पण बऱ्याच वेळा कारण आपल्याच कागदांत असते. आपण कष्टाळू आहोत, कोणाचा पैसा बुडवत नाही, हे वस्तीला ठाऊक असते. बँकेला ते ठाऊक नसते. तिला चार गोष्टी दिसतात : तुमच्या डोक्यावर आधीचे देणे किती, मागची परतफेड कशी, उत्पन्न कागदावर किती आणि घराचा कागद स्वच्छ आहे की नाही. पाचवी गोष्ट म्हणजे तुमच्या पदरचा पैसा. ह्या पाचही गोष्टी एक-एक करून पाहू.

आधीची देणी

समजा, एका कुटुंबाच्या हातात कपात जाऊन महिन्याला ३०,००० रुपये येतात. सर्व हप्ते मिळून उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत, असा बँकांचा सर्वसाधारण हिशेब असतो. काही बँका चाळीस टक्क्यांवरच थांबतात. आपण निम्मे धरू, म्हणजे १५,००० रुपये. वीस वर्षांच्या मुदतीला आणि साडेआठ टक्के व्याजाला एक लाखाचा हप्ता सुमारे ८६८ रुपये पडतो. म्हणजे या कुटुंबाला सव्वासतरा लाखांच्या आसपास कर्ज बसते.

आता त्याच घरात मोटारसायकलचा ३,२०० रुपयांचा हप्ता आहे, मुलाच्या मोबाईलचा १,३०० रुपयांचा आहे आणि पतसंस्थेची २,००० रुपयांची कपात आहे. एकूण ६,५०० रुपये. बँक ते १५,००० मधून वजा करते. उरले ८,५००. तेवढ्यात कर्ज बसते पावणेदहा लाखांचे. तिन्ही देण्यांची मिळून बाकी कदाचित लाख-सव्वा लाखच असेल, पण तेवढ्यासाठी घराच्या कर्जातले साडेसात लाख कमी झाले.

म्हणून पहिले काम म्हणजे छोटी देणी फेडणे. त्यातही ज्याचे व्याज जास्त आणि बाकी कमी, ते आधी. वर्षभरात नवीन वस्तू हप्त्याने घेऊ नका. मोबाईलच्या दुकानात "शून्य टक्के व्याज, फक्त आधार द्या" म्हणतात, तेही कर्जच असते आणि त्याची नोंद होते. फोनवरच्या ॲपमधून पाच-दहा हजार उचलण्याची सवय तरुण मुलांना लागली आहे. तीही नोंदीत दिसते. घरातल्या माताभगिनींच्या नावावर मायक्रोफायनान्स कंपनीचे गटाचे कर्ज असेल तर तेसुद्धा दिसते. घराच्या कर्जात पत्नीचे नाव सहकर्जदार म्हणून घालायचे असेल तर तिच्या नावावरची देणीही त्याच हिशेबात येतात.

आणि जामीनकीचे काय? आपल्याकडे सहकाऱ्याला जामीन राहणे हा माणुसकीचा भाग समजतात. खात्यात एकाने कर्ज काढले की दोघे सही करतात. पण कायद्याने जामीनदार हा कर्जदाराइतकाच जबाबदार असतो. त्याने हप्ते थकवले तर बँक तुमच्याकडे येते, आणि जामीन राहिलेले कर्ज तुमच्या नोंदीतही दिसू शकते. मित्राला मदत जरूर करा, पण स्वतःच्या घराचा अर्ज करायच्या वर्षात नवीन जामीनकी नको. जुनी असेल तर त्या बंधूला विचारून हप्ते चालू आहेत ना, याची खात्री करून घ्या.

परतफेडीची नोंद, म्हणजे सिबिल

"सिबिल खराब आहे" हे वाक्य आता सर्वांच्या तोंडी झाले आहे. सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. तिच्याखेरीज एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या भारतात हे काम करतात. तुम्ही घेतलेले कर्ज, भरलेले आणि चुकलेले हप्ते यांची माहिती बँका त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० यांमध्ये गुण दिले जातात. साधारण ७५० च्या पुढे गुण असले म्हणजे अर्जाला अडचण कमी येते आणि व्याजही थोडे कमी लागू शकते.

ही नोंद बघायला दलालाला पैसे देण्याची गरज नाही. या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तो मिळतो. मुलगा-मुलगी कॉलेजात शिकत असतील तर त्यांना शेजारी बसवून काढून घ्या. आलेला ओटीपी मात्र कोणाला सांगू नका.

अहवाल हातात आला की ओळ न् ओळ वाचा. तुम्ही न घेतलेले कर्ज तुमच्या नावावर आहे का? फेडलेले खाते अजून चालू दिसते का? नाव, जन्मतारीख, पॅन बरोबर आहे का? चूक असेल तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे.

आपल्या जिल्ह्यात दोन जुन्या नोंदी वारंवार आडव्या येतात. पहिली शेतीच्या पीककर्जाची. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीत ज्यांचे कर्ज माफ झाले, त्यांनी बँकेच्या नोंदीत खाते खरोखर बंद झाले आहे का, हे पाहावे आणि बेबाकी दाखला घ्यावा. दुसरी महामंडळाच्या योजनेची. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत मोठा हिस्सा बँकेच्या कर्जाचा असतो. वडिलांनी किंवा तुम्ही तेव्हा शेळ्या, पिठाची गिरणी किंवा ऑटो घेतला आणि पुढे हप्ते राहून गेले, तर "ती सरकारी योजना होती" म्हणून बँक सोडत नाही.

थकलेल्या कर्जात बँक तडजोड करून कमी रक्कम घेते. अडचणीत तोही मार्ग आहे, पण त्या खात्यापुढे "तडजोड" असा शेरा पडतो आणि तो पुढे वर्षानुवर्षे बोचतो. शक्य असेल तर पूर्ण रक्कम भरून खाते बंद करून घ्या. आणि कोणी "दहा हजारांत सिबिल साफ करून देतो" म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. वेळेवर भरलेले बारा महिन्यांचे हप्ते हाच तिच्यावरचा उपाय आहे.

अर्जही एकाच वेळी पाच ठिकाणी टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते, आणि हा माणूस पैशाच्या फार गरजेत आहे असा तिचा अर्थ लावला जातो.

उत्पन्न कागदावर आणा

एस.टी.तले चालक-वाहक, कृषी विद्यापीठातले किंवा महानगरपालिकेतले कायम कामगार, पूर्णा जंक्शनवरचे रेल्वे कर्मचारी यांना पगारपत्रक मिळते. त्यांचे काम सोपे आहे. पगारपत्रके, बँकेचे सहा महिन्यांचे ते वर्षाचे उतारे आणि फॉर्म १६ एका फाईलमध्ये लावून ठेवा. कंत्राटी कामगारांनी पगार रोख घेऊ नये, खात्यात मागावा. भविष्य निर्वाह निधी कापला जातो, पण खात्यात भरला जातो का, हेही बघावे.

खरी अडचण मोंढ्यातल्या हमालाची, ऑटोवाल्याची, गवंड्याची, शिवणकाम करणाऱ्या ताईची आहे. महिन्याला वीस-पंचवीस हजार कमावतात, पण पासबुकात काहीच नाही. रोजचा पैसा रोज हातात आला आणि हातातूनच गेला. अशांनी तीन गोष्टी कराव्यात. आठवड्याला एक दिवस ठरवून कमाई बँकेत भरावी आणि खर्चाला तिथूनच काढावी. धंदा असेल तर उद्यम नोंदणी करावी. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. आणि आयकराचे विवरणपत्र दरवर्षी भरावे. "कर लागत नाही, मग विवरणपत्र कशाला?" असे बरेच जण विचारतात. कर लागला नाही तरी ते भरता येते, आणि उत्पन्नाचा तो सर्वांत पक्का पुरावा ठरतो. धंदेवाल्याकडून बँका बहुधा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. म्हणून त्यांची तयारी एका वर्षात भागत नाही, ती आजच सुरू झाली पाहिजे. उत्पन्न खरे आहे तेवढेच दाखवा. कर्ज वाढावे म्हणून फुगवलेले उत्पन्न उद्या हप्ता भरायला येत नाही.

पदरचा पैसा

बँक घराची पूर्ण किंमत देत नाही. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के द्यावे, अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा ८० टक्क्यांच्या आसपास मंजूर होते. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च वेगळा.

वरच्याच कुटुंबाने १५ लाखांचे घर पाहिले असे धरू. बँकेने १२ लाख दिले, तर पदरचे ३ लाख हवेत. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरले तर ९०,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे १५,००० (ती जास्तीत जास्त ३०,००० असते). वकील, मूल्यांकन, बँकेची फी वगैरे २५,००० धरा. झाले ४ लाख ३० हजार. घर स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. या उदाहरणात ती १५,००० रुपयांची होते. पैसा वाचतो आणि घराच्या कागदावर घरच्या लक्ष्मीबाईंचे, सावित्रीबाईंचे नाव लागते, ही त्याहून मोठी गोष्ट.

हे सव्वाचार लाख आणायचे कोठून? इथेच घरे फसतात. बँकेने १२ लाख मंजूर केले, या आनंदात वरचे तीन लाख सावकाराकडून शेकडा तीनने उचलले, तर महिन्याला ९,००० रुपये नुसते व्याज जाते. बँकेच्या १२ लाखांचा हप्ता १०,४१४ आणि सावकाराचे व्याज ९,०००. तीस हजारांत हे दोन्ही भागून पोट भरणार नाही. हप्ता पहिल्या वर्षीच थकतो. पदरचा पैसा जमला नसेल तर घर दोन वर्षे उशिरा घ्या, किंवा लहान घ्या. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

पैसा जमवण्याची आणि स्वतःला तपासण्याची एकच युक्ती आहे. तिला मी हप्त्याची तालीम म्हणतो. आपले कुटुंब आज ४,००० रुपये भाडे भरते आणि ६,५०० रुपयांचे तीन हप्ते भरते. म्हणजे साडेदहा हजार रुपये घरातून जातातच. छोटी देणी फिटली की ते ६,५०० रुपये घरखर्चात मिसळू देऊ नका. पगाराच्या दुसऱ्या दिवशी बँकेत किंवा पोस्टात आवर्ती ठेवीत टाका. बारा महिने एकही खाडा न करता जमले, तर घराचा हप्ता तुम्हाला झेपतो हे सिद्ध झाले आणि ७८,००० रुपये अधिक व्याज हातात आले. मध्येच चार महिने खाडा पडला, तर बँकेने हो म्हटले तरी तुम्ही थांबा. तालमीत पडलेला खाडा नुकसान करत नाही. खरा हप्ता चुकला तर दंड लागतो आणि सिबिलही घसरते.

भिशीत पैसे गुंतवणाऱ्या भगिनींना विनंती की, या वर्षी तीच रक्कम आवर्ती ठेवीत टाका. भिशीचा पैसा बँकेला दिसत नाही, आणि भिशी चालवणारी निघून गेली तर दाद मागणे अवघड होते. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी काही रक्कम काढता येते. नियम कार्यालयात विचारून घ्या. पण सर्वच्या सर्व पुंजी घरात घालू नका. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करून चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखायला सांगितले आहे. किमान तीन-चार हप्त्यांइतकी रक्कम हात न लावता बाजूला असावी. आजारपण किंवा काम सुटणे कळवून येत नाही.

जागेचा कागद

पदरचा पैसा विकणाऱ्याच्या हातात देण्याआधी जागेचा कागद तपासा. परभणी शहराच्या कडेने कित्येकांनी शंभर रुपयांच्या बाँडवर किंवा नोटरी करून प्लॉट घेतले आहेत. असा कागद म्हणजे मालकी नव्हे. नोंदणीकृत खरेदीखत नसेल तर बँक कर्ज देत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ हा कर-आकारणीचा उतारा आहे, तोही मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घरांना स्वामित्व योजनेत मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागली आहे. ही योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. गावात घर असणाऱ्यांनी ती पत्रिका जरूर काढून घ्यावी.

सातबारावर "भोगवटादार वर्ग २" असे असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. इनामी जमिनी मराठवाड्यात भरपूर आहेत, आणि पूर्वी आपल्या लोकांकडे असलेल्या जमिनींतही हा प्रश्न येतो. अकृषिक परवाना आणि मंजूर रेखांकन आहे का, ते बघा. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर तो नियमित झाला आहे का, विचारा. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली. गायरानावरच्या घराला तारण म्हणून बँक हात लावत नाही. बिल्डरकडून नवीन सदनिका घ्यायची तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतोच, पण इसार देण्याआधी तुम्ही स्वतः एखाद्या जाणत्या वकिलाकडून तो करून घ्या. इसार परत मिळवताना नाकी नऊ येतात.

आणखी एक सापळा आहे. विकणारा म्हणतो, "कागदावर नऊ लाख दाखवू, बाकी सहा रोख द्या." पण बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर. नऊ लाखांच्या ८० टक्के म्हणजे ७ लाख २० हजार. उरलेले पावणेआठ लाखांहून जास्त तुम्हाला रोख आणावे लागतील, आणि सौदा फिसकटला तर त्या सहा लाखांची पावतीही नसते. जमीन-घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्याला कायद्याने बंदी आहे. प्रत्येक रुपया चेकने किंवा खात्यावरून द्या.

व्याज आणि सवलत

आता दर बघा. १२ लाख, वीस वर्षे, साडेआठ टक्के. हप्ता १०,४१४ आणि एकूण परतफेड जवळजवळ २५ लाख. तेच पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता ११,८१७ होतो, पण एकूण २१ लाख २७ हजारांत काम होते. महिन्याला चौदाशे रुपये जास्त दिले की पावणेचार लाखांच्या आसपास वाचतात. उलट, कागद अपुरे म्हणून एखाद्या खासगी कंपनीने १२ टक्क्यांनी दिले तर वीस वर्षांचा हप्ता १३,२१३ पडतो आणि एकूण पावणेसात लाखांच्या आसपास जादा जातात. तयारीच्या एका वर्षाची किंमत एवढी आहे.

बँकांचे घरकर्ज बहुधा बदलत्या व्याजाचे असते. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. पुढे २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने उतरला. १२ लाखांवर सातचे साडेनऊ टक्के झाले तर हप्ता ९,३०४ वरून ११,१८६ वर जातो. म्हणून पूर्ण ताकदीचे कर्ज घेऊ नका, दोन हजारांची सवड ठेवा. दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावे, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले आहे. बदलत्या व्याजाच्या घरकर्जात मुदतीआधी रक्कम भरली तर दंड लागत नाही. दिवाळीचा बोनस, पगारातला फरक मिळाला की त्यातला थोडा कर्जात भरा.

सही करण्याआधी "मुख्य तथ्य विवरणपत्र" मागा. ऑक्टोबर २०२४ पासून ते प्रत्येक नव्या घरकर्जाला द्यावे लागते, आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. व्याज, सर्व फी, विमा आणि एकूण परतफेड त्यात एका ठिकाणी असते. कर्जासोबत विमा हवाच, पण मोठा हप्ता एकदम कर्जात मिळवून दिलेली पॉलिसी आणि बाहेर मिळणारा साधा मुदत विमा यांची तुलना करा.

सवलतींची नीट चौकशी करा. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. ते अनुदान आहे, कर्ज नव्हे. उत्पन्न अटीत बसत असेल तर आधी तिथे अर्ज करा. गावात पंचायत समितीत, शहरात महानगरपालिकेत किंवा नगरपरिषदेत. शहरासाठी सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजना २.० आली आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असलेल्या, देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला तिच्या व्याज सवलतीत पात्र कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत सवलत पाच वार्षिक हप्त्यांत मिळू शकते. "दोन लाख सदुसष्ट हजार मिळवून देतो" म्हणणारे एजंट अजून फिरतात. ती जुनी योजना मार्च २०२२ मध्येच बंद झाली.

घरात बसून ठरवा

हे सर्व एकट्या पुरुषाने ठरवू नये. एका रविवारी पती-पत्नीने, कमावत्या मुलांनी एकत्र बसावे. वहीत वर्षाचे खर्च लिहावेत : जूनमध्ये शाळेची पुस्तके, ऑक्टोबरात दीक्षाभूमीचा प्रवास, एप्रिलमध्ये जयंतीची वर्गणी, मे महिन्यात भावकीतली लग्ने, अधूनमधून दवाखाना. वर्गणी बंद करा असे मी म्हणणार नाही. पण लग्नात कर्ज काढून मानपान करणाऱ्या घराला घराचे कर्ज झेपत नाही, हे स्पष्ट बोलावे. धाकट्या बहिणीचे लग्न पुढच्या वर्षी आहे आणि घराचे कर्जही पुढच्याच वर्षी, असे असेल तर दोन्हींतले आधी काय, हे आजच ठरले पाहिजे.

मग कामे वाटून घ्या. पहिल्या महिन्यात सिबिलचा अहवाल आणि देण्यांची यादी. सहाव्या महिन्यापर्यंत निदान दोन छोटी देणी बंद आणि बेबाकी दाखले फाईलमध्ये. तिथून पुढे तालमीचा हप्ता. त्याच काळात जागेचे कागद बघणे. सगळे बारा महिन्यांत बसले नाही तर आणखी सहा महिने घ्या, पण क्रम मोडू नका. शेवटी दोन-तीन बँकांत तोंडी चौकशी करून अर्ज मात्र एकाच ठिकाणी. आणि कर्ज फिटेल तेव्हा मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. म्हणून बँकेला कोणकोणते मूळ कागद दिले, त्याची सहीशिक्क्याची यादी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

आपल्या विहारात, महिला मंडळात हा लेख मोठ्याने वाचावा. आणि ज्यांना वाचता येत नाही अशा शेजाऱ्याचे पासबुक आणि जागेचे कागद घेऊन एक तास त्याच्याजवळ बसावे.

जयभीम.